खाणीच्या गावी पूर्वज शोधताना

‘पणजोबा मँगनीजवर होते’, एवढंच आमच्या घरात सांगत. कुठल्या खाणीवर, हे सांगणारं कुणी उरलं नव्हतं. असाच माग काढायला निघणाऱ्यांना आधी एक सांगते: खाण बघायला धावू नका, गाव पक्कं करा. नागपूर जिल्ह्यात कांद्री दोन आहेत. एक कन्हानजवळ, दुसरी मनसरजवळची, मँगनीजची. गुमगावंही दोन. एक हिंगण्याकडचं, दुसरं सावनेर तालुक्यात खाप्याजवळचं. खाण आहे ती या दुसऱ्या गुमगावला. नुसत्या नावावर विसंबलात तर भलत्याच घराण्याची माणसं वंशावळीत येऊन बसतील.

शिवाय माणूस एका जागी टिकत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशातून मँगनीजला मागणी वाढली आणि मनसर, चिखला, तिरोडी, भरवेली या पट्ट्यात काम निघेल तिकडे मजुरांची बिऱ्हाडं हलली. बरेचसे मजूर ठेकेदाराचे. त्यांची नावं त्याच्या वहीत, आणि त्या वह्या ठेकेदारांबरोबरच गेल्या. १९५२ च्या खाण कायद्यानुसार कामगारांची नोंदवही ठेवणं बंधनकारक होतं. तिच्यात बापाचं नाव, वय, कामावर लागल्याची तारीख, सही किंवा अंगठा असतो. आजोबा त्यानंतर कामावर असतील तर खाणीच्या कचेरीत लेखी अर्ज जरूर करा. पणजोबा तिथे सापडण्याची आशा मात्र फार धरू नका.

त्यांच्यासाठी कोतवाल बुक. गावच्या जन्ममृत्यूच्या या जुन्या नोंदी तहसिलीच्या अभिलेख कक्षात मिळतात. पान हळू उलटा, कडा हातात तुटून येतात. आमच्या पणजोबांचं नाव मला बाप म्हणून सापडलं. पुढे जात, गाव, आणि बाळाच्या नावाच्या जागी फक्त ‘मुलगी’. काही पानांनंतर तिचाच मृत्यू, कारण ‘ताप’. घरात या मुलीचं नाव तर सोडाच, ती होऊन गेली हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून म्हणते, जन्माची नोंद मिळाली की थांबू नका, मृत्यूचंही बुक मागा.

एवढं झाल्यावर मी खाणीच्या टेकडीकडे गेले. मजुरांच्या झोपड्या होत्या म्हणतात, तिथे आता हिरवट पाण्याने भरलेला खड्डा आहे. काठावर कमरेएवढं गवत. सोबत आलेल्या निवृत्त कामगाराने मागून दंड धरला. “ताई, तिकडं नोका जाऊ. वरून गवत दिसते, खालून पोकळ आहे.” त्यांनी काठीने ढेकूळ ढकललं, तर हातभर काठ त्याच्यासकट खाली गेला. जुन्या कामांच्या पोटात भुयारं असतात, आणि पावसाळ्यानंतर मातीचे ढीगही सैल होतात. खाणीत काम केलेलं माणूस सोबत असल्याशिवाय तिकडे पाऊल टाकू नका. चालू खाणीत तर व्यवस्थापकाच्या परवानगीशिवाय शिरायचंच नाही.

त्यापेक्षा तो वेळ वस्तीत घालवा. म्हाताऱ्या बायकांना विचारा. खनिज फोडणं, निवडणं, टोपल्यांनी वाहणं बायका करत; कोण कुठून आलं, कुणाची लेक कुठे दिली, हे त्यांना पाठ असतं. माझ्या पणजीचं माहेर मला कागदात नाही, एका आजीबाईंच्या ओसरीवर कळलं. ते तिरोडीकडचं निघालं. तिरोडी, भरवेली बालाघाट जिल्ह्यात येतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर, भंडारा इकडे आले, बालाघाट मध्य प्रदेशात राहिलं. तेव्हा तिकडच्या कागदांसाठी अर्ज तिथल्याच तहसिलीत करायचा, आणि हिंदीत.