छप्पन्न लाख आणि एकशे पंचावन्न

२३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेची मतमोजणी झाली. अंधेरीच्या पश्चिमेकडील वर्सोवा मतदारसंघात त्या दिवशी विजयी उमेदवारापेक्षा एका पराभूत उमेदवाराचीच चर्चा अधिक झाली. आझाद समाज पक्षाच्या (कांशीराम) तिकिटावर उभे राहिलेले एजाज खान यांना १५५ मते पडली होती. इन्स्टाग्रामवर त्यांचे अनुयायी त्या वेळी छप्पन्न लाखांच्या घरात होते. 'वरीलपैकी कोणीही नाही' या बटनालाही १,२९८ मते मिळाली होती. भागाकार करण्याचा मोह कोणालाही व्हावा. छत्तीस हजार अनुयायांमागे एक मत! वर्तमानपत्रांनी हा भागाकार केला, लोकलच्या डब्यात केला गेला आणि आमच्या राज्यशास्त्राच्या वर्गातही झाला. सर्वांना हसू आले.

हसून झाल्यावर दोन मते ऐकू आली. एक असे की, मतदार किती सुज्ञ आहे पाहा, वादग्रस्त माणसाला त्याने त्याची जागा दाखवली. दुसरे असे की, समाजमाध्यमे हा सारा फुगा असून निवडणुकीत त्यांना काडीची किंमत नाही. मला ही दोन्ही मते घाईची वाटतात. प्रस्तुत लेखात त्या १५५ या आकड्याचा थोडा खोलात जाऊन विचार करावा असे योजले आहे.

प्रथम उमेदवाराविषयी थोडक्यात. एजाज खान २०१३ साली 'बिग बॉस'च्या सातव्या पर्वामुळे घराघरांत पोचले. पुढे त्यांचे खरे व्यासपीठ मोबाईलचा पडदा हेच झाले. थेट कॅमेऱ्यासमोर, चढ्या आवाजात, कोणाला तरी आव्हान देत बोलायचे, ही त्यांची रीत. समाजमाध्यमांवरील मजकुरावरून २०१९ आणि २०२० साली पोलिसांनी त्यांना अटक केली. २०२१ मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात झालेल्या अटकेनंतर दोन वर्षांहून अधिक काळ ते कोठडीत होते आणि २०२३ मध्ये जामिनावर सुटले. अटक म्हणजे दोषसिद्धी नव्हे, हे येथे नमूद केले पाहिजे. वर्सोव्यापूर्वी २०१९ साली भायखळ्यातून ते अपक्ष उभे राहिले होते. तेथे त्यांना दोन हजारांच्या थोडी वर मते होती. म्हणजे प्रसिद्धी वाढली आणि मते आटली. हे कोडे केवळ 'सुज्ञ मतदार' एवढ्या उत्तराने सुटत नाही.

आता तो भागाकार पुन्हा करून पाहू, पण जरा निराळ्या रीतीने. लोकसभेचे मतदारसंघ ५४३. छप्पन्न लाख अनुयायी देशभर सारखे विखुरले आहेत असे क्षणभर धरले, तर प्रत्येक लोकसभा मतदारसंघाच्या वाट्याला सुमारे १०,३०० येतात. आपल्याकडे एका लोकसभा मतदारसंघात विधानसभेचे सहा असतात. म्हणजे एका विधानसभेला सुमारे १,७००. हे गृहीतक ढोबळ आहे, हे मी जाणतो. मुंबईचा माणूस मुंबईत अधिक पाहिला जात असणार. पण उलट बाजूला देशाबाहेरचे आहेत, अठरा वर्षांखालची पोरे आहेत, अंधेरीत भाड्याने राहून गावच्या यादीत नाव असलेले आहेत आणि ज्यांना केवळ भांडण पाहण्याची हौस आहे असे तर असंख्य आहेत. अनुयायी होण्यास बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि पाचशे जणांचे अनुयायी एकाच वेळी होता येते. मत एकच असते. छप्पन्न लाखांचा डोंगर असा सतराशेवर उतरला, की १५५ हा आकडा लहान राहतो खरा, पण अद्भुत राहत नाही.

मतदान ही आपल्याकडे अजून जागेला बांधलेली गोष्ट आहे, हे याच्या मुळाशी आहे. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार ज्या मतदारसंघात माणूस सर्वसाधारणपणे राहतो, तेथील यादीत त्याचे नाव लागते. १९५१ च्या कायद्यानुसार अपक्षाला किंवा मान्यता नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला दहा सूचक लागतात, आणि ते दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. उमेदवार मात्र राज्यातील कोणत्याही मतदारसंघाचा चालतो. लोकसभेला तर सामान्यतः देशातल्या कोणत्याही यादीतला चालतो. कायद्याने उमेदवाराची दोरी सैल सोडली आहे, मतदाराची घट्ट बांधली आहे. बाहेर कितीही डंका वाजला, तरी आत दहा सह्या लागतातच. त्या दहांपुढची वाट ज्याची त्याने चालायची असते.

त्या निवडणुकीत मी जोगेश्वरीच्या बाजूला एका पक्षाच्या टेबलावर चिठ्ठ्या लिहून देण्यास बसलो होतो. पक्षाशी माझा फारसा संबंध नाही. शेजारच्या काकांनी बसवले म्हणून बसलो. येणारा माणूस आडनाव सांगे, पण यादीत आडनावाने काही सापडत नसे. इमारत सांगितली की भाग क्रमांक मिळे, मग अनुक्रमांक. काका यादी न पाहताच सांगत, "तिसऱ्या मजल्यावरचे ना? ते विरारला गेले, पण नाव इथेच आहे. फोन लाव त्यांना." कोणाचे आजोबा वारले, कोणाच्या सुनेचे नाव अजून चढले नाही, कोण दुपारची पाळी संपवून चारनंतर येणार, हे सारे त्यांना ठाऊक होते. आता याद्या मोबाईलवरही असतात आणि चिठ्ठीही तेथून निघते. परंतु तिसऱ्या मजल्यावरचा माणूस विरारला गेला, हे त्या यंत्राला कोणीतरी आधी सांगावे लागते.

हाच प्रयोग अंधेरीने दहा वर्षांपूर्वी लोकसभेलाही पाहिला होता. वर्सोवा ज्याचा भाग आहे त्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघातून २०१४ साली राखी सावंत स्वतःचा 'राष्ट्रीय आम पक्ष' काढून उभ्या राहिल्या. हिरवी मिरची हे चिन्ह त्यांना हवे होते, आणि त्यावर बातम्याही भरपूर छापून आल्या. मते पडली १,९९५. विजयी झालेले शिवसेनेचे गजानन कीर्तिकर यांना ४,६४,८२० मते होती. त्याच निवडणुकीत महेश मांजरेकर मनसेकडून उभे होते. त्यांची अनामत वाचली नाही, पण ६६,०८८ मते मिळाली. दोघेही चित्रसृष्टीतले, दोघांचेही चेहरे ओळखीचे. फरक असा की, मांजरेकरांच्या मागे मनसेच्या शाखा होत्या. प्रत्येक शाखेत काकांसारखे कोणी ना कोणी असतेच. (मोदी लाट, युती वगैरे कारणे कीर्तिकरांच्या मतांना लागू पडतात. पराभूतांमधील ही तफावत मात्र त्यांनी उलगडत नाही.)

प्रसिद्धी निरुपयोगी असते असे यावरून म्हणता येणार नाही. तसे असते तर सुनील दत्त याच नावाच्या मतदारसंघातून (तेव्हाच्या सीमा वेगळ्या होत्या) १९८४, १९८९, १९९१, १९९९ आणि २००४ असे पाच वेळा लोकसभेवर गेले नसते. पहिल्याच निवडणुकीत त्यांनी राम जेठमलानी यांना हरवले. तेव्हा तिकीट काँग्रेसचे होते, लाट होती आणि चेहरा होता. पण नंतर त्यांनी १९८७ साली पंजाबातील शांततेसाठी मुंबई ते अमृतसर पदयात्रा काढली. चेहरा पायांनी फिरवला गेला, असे मला म्हणावेसे वाटते.

परदेशातील दोन उदाहरणे येथे उपयोगी पडतील. २०१९ मध्ये इंग्लंडमधील कार्ल बेंजामिन हे यूट्यूबवरील वादग्रस्त वक्ते युरोपीय संसदेसाठी नैऋत्य इंग्लंडातून युकिप पक्षातर्फे उभे राहिले आणि पडले. उलट, जून २०२४ मध्ये सायप्रसचा फिडियास पानायोटू हा तरुण यूट्यूबवाला अपक्ष उभा राहून त्याच संसदेवर निवडून आला. त्याला ७१ हजारांहून अधिक, म्हणजे एकोणीस टक्क्यांच्या वर मते मिळाली. सायप्रस हा संपूर्ण देशच त्या निवडणुकीत एक मतदारसंघ असतो, जागा सहा, आणि त्या मतांच्या प्रमाणात वाटल्या जातात. बेटावरचा कोणताही अनुयायी त्याचा मतदार होऊ शकत होता. आपल्याकडे ही पद्धत असती तर आकडे कसे दिसले असते, याची थोडी कल्पना यावरून करता येते. म्हणून जे मित्र समाजमाध्यमांना मोडीत काढू पाहतात, त्यांच्याशी मी सहमत नाही. पद्धत बदलली तर फळ बदलेल. शिवाय जे पक्ष आधीच दारोदार पोचलेले आहेत, त्यांच्या हाती हेच माध्यम पडते तेव्हा ते भलतेच प्रभावी ठरते. एकट्या पडलेल्या उमेदवाराच्या हाती ते तसे ठरत नाही.

राहता राहिले ते १५५ लोक. त्यांच्याविषयी कोणीच बोलले नाही. त्यांनी रांग लावली, शाई लावून घेतली आणि ज्याचा विजय असंभव होता त्याला मत दिले. त्यांची थट्टा मला आवडली नाही. वर्सोव्यात शिवसेनेचे (उद्धव बाळासाहेब ठाकरे) हारून खान ६५,३९६ मते मिळवून भाजपच्या भारती लव्हेकर यांच्यापेक्षा अवघ्या १,६०० मतांनी पुढे राहिले. त्याच वर्षीच्या लोकसभेत मुंबई उत्तर-पश्चिममध्ये तर यंत्रांवरील मतांत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ असे होते. एका मताचा फरक! मग टपाली मतपत्रिका मोजल्या गेल्या. कीर्तिकरांच्या १,५०१ आणि वायकरांच्या १,५५० निघाल्या. वायकर ४८ मतांनी खासदार झाले.