धरणाकाठचे घर : जमीन, पाणी आणि शेजार

मुंबई-पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबे दुसरे घर घेण्यासाठी ज्या पाण्याकडे वळतात, ते पाणी बहुतांशी धरणांचे आहे. पुणे जिल्ह्यातील पवना, मुळशी, पानशेत आणि वरसगाव किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील भंडारदरा यांपैकी एकही जलाशय निसर्गाने घडवलेला नाही. प्रत्येकाच्या पाण्याखाली गावे आणि भातखाचरे गेलेली आहेत, आणि प्रत्येकाच्या काठावर त्या गावांतून उठलेल्या कुटुंबांची पुढची पिढी राहते. प्रस्तुत लेखकाने पवना जलाशयाच्या परिसरात जमीन शोधण्यापासून तेथे घर करून राहण्यापर्यंत जे अनुभवले, त्यावरून असे म्हणता येते की अशा ठिकाणच्या खरेदीतील बहुतेक अडचणींचे मूळ, त्या कागदपत्रांतील असोत वा शेजाऱ्यांशी संबंधांतील, जमिनीच्या या पूर्वेतिहासात असते, आणि दलालाने दाखवलेल्या देखाव्यात नेमका तोच दिसत नाही.

प्रथम पाण्याचा विचार करणे आवश्यक आहे, कारण किंमत त्याच्यामुळे चढते. खरेदीदाराला जमीन साधारणपणे पावसाळा संपताना दाखवली जाते. त्या वेळी जलाशय त्याच्या पूर्ण संचय पातळीला, म्हणजे धरणात जास्तीत जास्त जितके पाणी साठवायचे ठरलेले असते त्या पातळीला, पोहोचलेला असतो, डोंगर हिरवे असतात आणि तिकोना, तुंग, लोहगड या किल्ल्यांची प्रतिबिंबे पाण्यात पडलेली असतात. पुढच्या आठ महिन्यांत हेच पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना आणि शेतीला जात राहते, काठ उतरत जातो आणि उन्हाळ्यात एरवी पाण्याखाली असणारे वाघेश्वराचे प्राचीन मंदिर पूर्ण उघडे पडून तेथपर्यंत चालत जाता येते. मुळशीचा जलाशय तर वीजनिर्मितीसाठी बांधलेला असल्याने त्याची पातळी भिऱ्याच्या वीजगृहाच्या गरजेशी बांधलेली आहे. म्हणून अशी जमीन एकदा मे महिन्यात पाहिल्याशिवाय तिच्या किमतीचा निर्णय घेऊ नये.

पाणी ओसरल्यावर जो पट्टा उघडा पडतो, तो काठावरच्या जमीनमालकाचा नसतो. धरण बांधताना शासनाने बुडीत क्षेत्रापर्यंतची जमीन संपादित केलेली असते आणि तिच्या कडेने हद्दीचे दगड रोवलेले असतात; या पट्ट्यातील ओलीवर घेतल्या जाणाऱ्या पिकाला गाळपेर म्हणतात आणि अशी गाळपेर जमीन जलसंपदा विभाग मुदतीने कसण्यास देतो, त्यात धरणग्रस्तांना अग्रक्रम असतो. ‘लेक टच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या भूखंडाला पाण्याचा स्पर्श वर्षातून काही आठवडेच असतो, आणि उरलेल्या काळात मालक व पाणी यांच्यामध्ये दुसऱ्याच्या हक्काची जमीन असते. या पट्ट्यावर कुंपण घालणे, भराव टाकणे किंवा धक्का बांधणे हे अतिक्रमण ठरते, आणि त्यापूर्वीच ज्या कुटुंबाची तेथील हरभऱ्याची किंवा भाजीची पेर मोडली जाते, त्याच्याशी कायमचे वैर उभे राहते. हद्दीचे दगड कोठे आहेत हे विक्रेत्याच्या बोटाने दाखवलेल्या खुणांवरून ठरवू नये. भूमि अभिलेख कार्यालयाकडे शुल्क भरून मोजणी करून घ्यावी आणि मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हाती आल्यावरच चतुःसीमा मान्य कराव्यात.

कागदपत्रांचे वाचन हा या विषयाचा सर्वांत खोल भाग आहे. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना 7 आणि गाव नमुना 12 यांचा एकत्रित दाखला. त्यातील पहिल्यात जमीन कोणाच्या नावे व कोणत्या भूधारणेने आहे हे कळते आणि दुसऱ्यात पिकांची नोंद असते. शहरी खरेदीदार नाव आणि क्षेत्र पाहून थांबतो, परंतु निर्णायक मजकूर बहुधा भूधारणा पद्धतीच्या नोंदीत आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात असतो. भोगवटादार वर्ग 1 या जमिनीचा मालक ती सामान्यतः निर्बंधाविना विकू शकतो, तर वर्ग 2 च्या जमिनीच्या हस्तांतरणाला शासनाची पूर्वपरवानगी आणि बहुधा नजराणा, म्हणजे शासनाकडे भरावयाची ठरावीक रक्कम, आवश्यक असते. कुळकायद्याने कुळाला मिळालेली जमीन आणि धरणग्रस्ताला पुनर्वसनात वाटप झालेली जमीन यांवर असेच निर्बंध येऊ शकतात. प्रकल्पबाधितांच्या पुनर्वसनासाठी राज्याने 1976, 1986 आणि 1999 या वर्षांचे कायदे केले, आणि त्यांच्या अंमलाखालील क्षेत्रात जमिनीच्या हस्तांतरणावर बंधने असू शकतात. धरणाच्या परिसरात ‘इतर हक्क’ हा रकाना कोरा दिसला तरी जुने फेरफार उतारे, म्हणजे हक्कांतील प्रत्येक बदलाची गाव नमुना 6 मधील नोंद, मागे मागे जाऊन पाहिले पाहिजेत. भंडारदऱ्याच्या बाजूला, जेथे महादेव कोळी आणि ठाकर समाजाच्या जमिनी आहेत, महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम 36 आणि 36-अ आदिवासींच्या जमिनी बिगर-आदिवासींकडे जाण्यावर कडक निर्बंध घालतात. या कलमांना वळसा घालण्याचे उपाय सुचवणारा मध्यस्थ भेटला, तर तेथून परत फिरावे. कायद्याच्या दृष्टीने तो धोका आहेच, आणि नीतीच्या दृष्टीनेही, ज्या समाजाच्या जमिनी एकदा धरणात गेल्या त्याची उरलेली जमीन लबाडीने घेण्याचे कोणतेही समर्थन होऊ शकत नाही.

खरेदीदाराच्या स्वतःच्या पात्रतेचाही प्रश्न असतो. 1948 च्या कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम 63 नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि या तरतुदीचा भंग करणारा व्यवहार अवैध ठरून जमीन शासनाकडे जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. त्यातून पळवाट म्हणून अनेक ठिकाणी एका मोठ्या गटाचे पाच-दहा गुंठ्यांचे तुकडे कागदावर पाडले जातात, चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो हे ध्यानात घेतल्यास हे तुकडे किती लहान आहेत ते समजेल, आणि प्रत्येक खरेदीदाराला सामाईक सातबाऱ्यावर अविभक्त हिस्सा दिला जातो; 1947 चा तुकडेबंदी कायदा अशा व्यवहारांना आड येतो, त्याच्या मर्यादा शासन वेळोवेळी बदलत असते, म्हणून खरेदीच्या दिवशी लागू असलेला नियम दुय्यम निबंधक कार्यालयात आणि वकिलाकडे तपासणे क्रमप्राप्त आहे. केवळ कुलमुखत्यारपत्र आणि साठेखत यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे. साठेखत हा भविष्यात विक्री करण्याचा करार असतो; मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच हस्तांतरित होते.

विक्रेत्याच्या घरातील बहिणींचा हक्क हा पवनेच्या मावळ तालुक्यात वारंवार उद्‌भवणारा प्रश्न आहे. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असते, बांध पडलेले असतात, ज्याची त्याची वहिवाट चालू असते, आणि सासरी गेलेल्या बहिणींची नावे वारसनोंदीत एक तर आलेलीच नसतात किंवा आली तरी त्यांची संमती गृहीत धरली जाते. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. तेव्हा नोंदणीकृत हक्कसोडपत्र नसेल, तर प्रत्येक वारसदार खरेदीखतावर सही करणारा असावा. हा आग्रह धरताना खरेदीदाराने त्या बहिणींना मोबदल्याचा वाटा खरोखर पोहोचतो की नाही हेही पाहावे, कारण तो पोहोचला नाही तर पुढच्या दिवाणी दाव्यात प्रतिवादी म्हणून त्याचेच नाव येते, आणि त्याहून आधी ती एक अन्याय्य गोष्ट असते.

रस्त्याचा प्रश्न कागदांत सर्वांत कमी आणि प्रत्यक्षात सर्वांत जास्त त्रास देतो. प्रस्तुत लेखकाने पाहिलेल्या एका जमिनीपर्यंत गाडी सहज जात होती, तेथपर्यंत खडीही टाकलेली होती, तथापि गाव नकाशावर तेथे ना शिवरस्ता, म्हणजे शिवेवरचा रस्ता, होता ना पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट. गाडी जात होती ती मधल्या शेतकऱ्याच्या सौजन्याने, आणि भूखंडांची विक्री वाढून वाहने वाढल्यावर त्याने आपल्या बांधावर दगड रचले. त्याची तक्रार रास्त होती, कारण त्याच्या खाचरातून डंपर जात होते आणि त्याला कोणी विचारले नव्हते. बांधावरून वहिवाटीचा रस्ता मागण्याचा अर्ज महसूल संहितेच्या कलम 143 खाली आणि अस्तित्वात असलेल्या रस्त्याच्या अडवणुकीचा अर्ज 1906 च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदारांकडे करता येतो, पण त्यातून मिळणारी वाट शेतीसाठी असते, बंगल्यांच्या वसाहतीसाठी नव्हे. मधल्या मालकाकडून नोंदणीकृत दस्ताने, रुंदी नमूद करून, योग्य मोबदला देऊन रस्त्याचा हक्क घेणे हा एकच टिकाऊ उपाय आहे.

बांधकामाच्या परवानगीबाबत गैरसमज मोठे आहेत. गावठाणाबाहेरच्या जमिनीवर केवळ ग्रामपंचायतीच्या दाखल्याने घर अधिकृत होत नाही. मावळ-मुळशीच्या बऱ्याच भागात हा अधिकार 2015 मध्ये स्थापन झालेल्या पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आहे, आणि जलाशयाजवळ जलसंपदा विभागाचे मतही पाहावे लागते. योजनेतील भूखंड असल्यास महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी तपासावी. वरसगावच्या काठावरील लवासा या खासगी गिरिनगर प्रकल्पाला नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस दिली आणि 2018 मध्ये तेथील कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, यावरून प्रकल्प मोठा असणे ही सुरक्षिततेची हमी नव्हे हे उघड होते. उताराच्या जमिनीत तर परवानगीपलीकडचाही विचार हवा. डिंभे धरणाच्या वरच्या बाजूस असलेल्या माळीण गावावर 30 जुलै 2014 रोजी डोंगर कोसळून दीडशेहून अधिक माणसे गेली. ज्या पट्ट्यात काही दिवसांत शेकडो मिलिमीटर पाऊस पडतो, तेथे सपाट अंगणासाठी डोंगराचा पायथा तोडणे आणि ओढ्याची वाट बुजवणे हे स्वतःच्या घराइतकेच खालच्या वस्तीच्या जिवावर बेतू शकते.

समोर पाणी असूनही पिण्याचे पाणी नसणे हा नवागताला अनपेक्षित वाटणारा अनुभव या भागात नवा नाही. सह्याद्रीचा खडक बेसाल्ट, म्हणजे थंड झालेल्या लाव्हारसाचा काळा कठीण पाषाण आहे. त्यात पाणी केवळ भेगांत आणि वरच्या झिजलेल्या थरात साठते, त्यामुळे जलाशयाच्या शेजारी घेतलेली कूपनलिकाही कोरडी लागू शकते. जलाशयातून मोटर लावून पाणी उचलण्यास जलसंपदा विभागाची परवानगी लागते, आणि काठाला राहणे एवढ्याने तो हक्क उत्पन्न होत नाही. ज्या वाड्यांच्या जमिनी धरणात गेल्या, त्यांतील स्त्रियांना उन्हाळ्यात डोक्यावर हंडे वाहावे लागतात आणि शेजारच्या बंगल्यात टँकरने पोहण्याचा तलाव भरला जातो, तेव्हा गावात जी कटुता साचते तिचे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही.

या कटुतेला मोठी पार्श्वभूमी आहे. मुळशी धरणाविरुद्ध 1921 ते 1924 या काळात मावळ्यांनी सत्याग्रह केला, आणि पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी त्याच लढ्याने दिली. तरीही धरण झाले. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाची मागणी दशकानुदशके चालू राहिली, आणि पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या विरोधातील आंदोलनात 9 ऑगस्ट 2011 रोजी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर बऊर येथे झालेल्या गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. ज्या कुटुंबाने जमीन विकली, त्याच कुटुंबातील माणूस पुढे त्या जमिनीवरच्या बंगल्याचा राखणदार म्हणून राहतो, असे चित्र येथे सर्रास आढळते. अशा माणसाला हुकमाच्या स्वरात बोलावणे किती लागते, हे बाहेरून आलेल्याने न सांगता ओळखले पाहिजे. वयाने मोठ्यांना दादा, मामा, मावशी म्हणणे, मजुरी ठरलेल्या दिवशी देणे, जत्रेची वर्गणी विनातक्रार देणे आणि तेथे पाहुणा म्हणून न जाता मांडवाखाली कामाला उभे राहणे, यांतून जे नाते तयार होते ते पावसाळ्यात विजेची तार तुटल्यावर आणि रात्री विंचू चावल्यावर उपयोगी पडते.

उलट बाजूने, शहरी घरमालकांमुळे आणि पर्यटकांमुळे होणारा उपद्रवही स्पष्टपणे नोंदवला पाहिजे. पवनेच्या काठी शनिवार-रविवारी तंबूंत उतरणाऱ्या पर्यटकांच्या ध्वनिक्षेपकांचा आवाज पाण्यावरून दूरवर जातो, जूनमध्ये काजव्यांनी उजळणारी झाडे प्रखर दिव्यांपुढे निस्तेज होतात, आणि शोषखड्ड्याविना सोडलेले सांडपाणी थेट त्या जलाशयात मिसळते ज्याचे पाणी लाखो लोक पितात. घर बांधताना सेप्टिक टँक आणि शोषखड्डा जलाशयाच्या उताराविरुद्ध बाजूस, योग्य अंतरावर घेणे, बाहेरचे दिवे खाली वळवणे आणि घर भाड्याने देत असल्यास रात्रीच्या शांततेची अट करारात घालणे, या गोष्टी बांधकामाच्या खर्चात किरकोळ आहेत.

गावाच्या कारभारात सहभागाचा मार्ग ग्रामसभा हा आहे. ग्रामसभेचे सदस्य गावाच्या मतदार यादीतील मतदार असतात, त्यामुळे शहरात मतदान करणाऱ्या घरमालकाला तेथे ठरावावर मत देता येत नाही; तथापि घरपट्टी वेळेवर भरणारा, पाणीपुरवठा आणि कचरा यांबाबत सरपंच व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना लेखी निवेदन देणारा, आणि वसाहतीतील इतरांना एकत्र करून गावाच्या टाकीच्या दुरुस्तीचा खर्च वाटून घेणारा रहिवासी असेल, तर त्याचे म्हणणे ऐकले जाते. वसाहतीने स्वतःचा टँकर मागवण्याऐवजी वाडीच्या विहिरीचा गाळ काढण्यास पैसा द्यावा आणि त्या विहिरीवर प्रथम हक्क वाडीचा राहील असे ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात नमूद करून घ्यावे. वसाहतीची गरज त्यानंतर उरलेल्या पाण्यात आणि छतावरून पडणाऱ्या पावसाच्या साठवणुकीत भागवता येते, कारण या पट्ट्यात पावसाची कमतरता नाही, तो साठवण्याची व्यवस्था मात्र घराच्या आराखड्यातच धरावी लागते.