त्याला बसवायची घाई करू नकोस

अगं, परवा फोनवर बोलता बोलता तू गप्प झालीस, तेव्हाच मी ओळखलं की घरात कुणीतरी ग्रहणाचा विषय काढलाय. माझ्या वेळीही निघाला होता. सातव्या महिन्यात ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून पोरीचे हातपाय आखूड राहिले, असं एका बाईंनी भर हळदीकुंकवात सांगितलं. वर्षभर मी ते मनात धरून बसले. तू एक दिवसही धरू नकोस.

अकॉन्ड्रोप्लेझिया. माझ्या पोरीला आहे तेच तुझ्या बाळालाही आहे. हे नाव उच्चारायलाच मला महिना लागला होता. हातापायांची हाडं लांब होतात ती टोकाच्या कूर्चेतून. त्या वाढीला लगाम घालणारं एक जनुक असतं, एफजीएफआर-३. त्यातलं एक अक्षर बदललं की लगाम कायम ओढलेलाच राहतो. हे १९९४ साली सापडलं. कवटीचा वरचा भाग कूर्चेतून घडत नाही, म्हणून तो नेहमीसारखा वाढतो आणि डोकं मोठं दिसतं. बुद्धीला काही होत नाही, हे सासूबाईंना पुन्हा पुन्हा सांग. अशा दहांतल्या आठ मुलांचे आईवडील चारचौघांच्या उंचीचेच असतात. बदल नव्यानेच झालेला असतो, बहुतेकदा वडिलांच्या बीजात. म्हणून नवऱ्याला बोल लावू नकोस हं, ते कुणाच्याच हातात नसतं.

आता मुद्द्याचं. सहावा महिना लागला की सगळे विचारतील, "बसतो का गं?" उशा लावून बसवतील, वॉकर आणतील. बसवू द्यायचं नाही. या मुलांचं डोकं जड, अंग लुसलुशीत. बळ यायच्या आत बसवलं की पाठीला पोक येतो, कोवळे मणके पुढून दबून पाचरीसारखे होतात आणि पुढे तो पोक कायमचा राहू शकतो. बोरन्हाणाला माझ्या पोरीला पाटावर बसवायचा हट्ट चालला होता. मी भिंतीला टेकून तिला छातीशी रेलून धरली, डोक्याला हाताचा आधार दिला, आणि बोरं, चुरमुरे माझ्याच पदरात पडले. काही बिघडलं नाही. जागेपणी, तू समोर असताना त्याला पोटावर खेळू दे, पाठ आपोआप घट्ट होते. माझी पावणेदोन वर्षांची झाली तेव्हा चालली. उशीर होतो, पण चालतात.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींनाही आजच सांगून ठेव: पाय धरून उलटं करायचं नाही, मानेला हिसका द्यायचा नाही. कवटीच्या तळाशी मज्जारज्जू उतरायची जी वाट असते, ती या बाळांत अरुंद असते. ती फारच दाबली गेली तर झोपेत श्वास थांबू शकतो. म्हणून डॉक्टर एमआरआय आणि झोपेची तपासणी सांगतील, ती टाळायची नाही. डोक्याचा घेर मोजताना अकॉन्ड्रोप्लेझियाच्या मुलांचा वेगळा तक्ता असतो, तोच लावायला सांग. कान वारंवार फुटतात, त्याकडेही लक्ष ठेव.

उंची वाढवायची टॉनिकं घेऊन कुणी आलं तर दारातूनच परत पाठव. कॅल्शियमने हा लगाम सुटत नाही. वोसोरिटाइड नावाचं रोजचं इंजेक्शन २०२१ मध्ये युरोप-अमेरिकेत मंजूर झालं. त्याने वाढ थोडी वेग घेते, पण ते फार महाग आहे. त्याचं जनुकतज्ज्ञांशी बोल, व्हॉट्सअॅपवरच्या कुणाशी नको. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात खुजेपणा धरलेला आहे. प्रमाणपत्र काढायला लाजू नकोस.

माझी आता नववीत आहे. फ्रॉकच्या बाह्या कापून घ्याव्या लागतात, मोरीतली कडी खाली बसवलीय, वर्गात बाकाखाली पायांना पाट लागतो. एवढंच.

आज रात्री तो झोपला की दिवा चालू ठेव आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ काढ, छाती आणि मान दोन्ही दिसतील असा. तो घोरत असेल, मान मागे टाकत असेल किंवा श्वास मध्येच अडकत असेल, तर पुढच्या तारखेची वाट बघू नकोस, उद्या सकाळीच डॉक्टरांना दाखव.