स्टँड मिक्सर घ्यावा का?

स्टँड मिक्सरच्या नावात मिक्सर असला तरी तो चटणी वाटत नाही, डाळ भरडत नाही आणि इडलीचे पीठही दळत नाही. मराठी घरात ‘मिक्सर’ म्हणजे पात्यांचे यंत्र, त्यामुळे खरेदीच्या वेळी हा घोटाळा हमखास होतो. मळणे, फेसणे आणि कालवणे ही याची तीन कामे. जड बैठकीवर मोटारीचे डोके आणि त्याखाली चार-पाच लिटरचे स्टीलचे भांडे असते. डोक्यातून उतरणाऱ्या दांड्याला मळण्यासाठी हुक, कालवण्यासाठी चपटा बीटर आणि फेसण्यासाठी तारांचा व्हिस्क लावतात. भांडे जागीच राहते. दांडा स्वतःभोवती फिरत फिरत भांड्याच्या मध्याभोवतीही फेरी घालतो, त्यामुळे कडेचे पीठ सुटून राहत नाही.

यंत्राचा जन्म बेकरीतला आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यात होबार्ट कंपनीचे अभियंते हर्बर्ट जॉन्स्टन यांनी 1908मध्ये त्याचा विचार सुरू केला तो पाववाल्यांचे कष्ट वाचवण्यासाठी. त्याचे घरगुती रूप, किचनएडचे ‘एच-5’, 1919मध्ये आले. त्याचे वजन 30 किलोच्या आसपास होते. आजची यंत्रे दहा-बारा किलोंपर्यंत उतरली आहेत, पण स्वभाव पाववाल्याचाच राहिला आहे. मैद्याचे भरपूर, जरा सैलसर पीठ एका वेळी मळायचे असेल तर ते खुशीत चालते.

पोळीची कणीक नेमकी याच्या उलट असते. तीन माणसांच्या घरात एका वेळेला पाव किलो पीठ भिजते. पाच लिटरच्या भांड्यात एवढीशी कणीक हुकाच्या आवाक्यात येतच नाही. ती तळाशी पसरते, नाहीतर हुकाला गुंडाळून त्याच्याबरोबर नुसती गरगरत राहते. मग यंत्र थांबवायचे, कणीक खाली ओढायची, पुन्हा सुरू करायचे. साधारण अर्धा किलोच्या पुढे पीठ असेल तरच हुकाला पकड मिळते. शिवाय चक्कीचे गव्हाचे पीठ पाणी सावकाश आणि जास्त पिते. सुरुवातीला सैल वाटलेली कणीक पाच मिनिटांनी घट्ट होते, मोटार कण्हू लागते आणि यंत्र ओट्यावर सरकू लागते. परातीत हाताला पाण्याचा अंदाज येतो तसा यंत्राला येत नाही. परातीत पाच मिनिटांत होणाऱ्या कामासाठी भांडे, हुक आणि डोक्याखालची कड घासत बसावे लागते. हे गणित दुकानातल्या प्रात्यक्षिकात कधीच दिसत नाही, कारण तिथे भांडी घासायला दुसरेच कोणी असते.

प्रस्तुत लेखिकेच्या घरी स्टँड मिक्सर आला तो रोजची कणीक सुटेल या आशेने. पहिला महिनाभर तो ओट्यावर होता. मग कुकरला जागा हवी म्हणून तो खालच्या कपाटात गेला आणि बारा किलोंचे धूड वाकून उचलण्यापेक्षा परात ओढणे सोपे वाटू लागले. सात-आठ महिन्यांनी केकसाठी तो बाहेर काढला, तेव्हा लोण्यावर तपकिरी तेलाचा थेंब पडला. डोक्यातल्या दातेरी चक्रांना ग्रीस असते. यंत्र बराच काळ बंद राहिले, त्यातून उन्हाळा असला, की त्यातले तेल सुटून दांड्यावरून ओघळते. यंत्र बिघडलेले नव्हते, वापराविना पडून होते. या अनुभवातून पहिला निकष निघतो: यंत्राला ओट्यावर कायमची जागा आणि जवळ प्लगचे सॉकेट नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी. कपाटातला स्टँड मिक्सर महिन्यातून एकदाही निघत नाही.

भाकरीला त्याचा उपयोग नाही. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते. चिकटपणा गरम पाण्याने आणि तळहाताच्या रगडण्याने येतो, तोही एकेका गोळ्यापुरता. पुरण बीटरने घोटले जाते खरे, पण अख्खी डाळ आणि साली राहतात, तेव्हा पुरणयंत्राला सुट्टी नाही. श्रीखंडाच्या चक्क्याचेही तेच: गुठळी जाळीतूनच मोडावी लागते, आणि व्हिस्क जोरात फिरवला तर श्रीखंड पातळ होते. घरातले बरेचसे बिनअंड्याचे केक तर फेसायचेच नसतात. ते बेकिंग पावडर आणि सोड्यावर फुगतात, आणि मैदा जास्त फिरवला की ग्लुटेन ताणले जाऊन केक चिवट होतो. त्यांना एक पातेले आणि एक डाव पुरतो.

मात्र काही कामांत यंत्राला तोड नाही. पुरणपोळीची सैल, तेलात तिंबलेली कणीक हाताला चिकटून जीव खाते. हुकाने आठ-दहा मिनिटांत ती रबरासारखी ताणली जाते. एक किलोच्या पुढच्या पोळ्या असतील तर हा फरक हातांना जाणवतो. उकडीच्या मोदकांची उकड वाफाळती असतानाच बीटरने फिरवता येते आणि बोटे भाजत नाहीत. शेवटचा तेलपाण्याचा हात मात्र द्यावाच लागतो. थंड सायीतून लोणी काही मिनिटांत निघते, फक्त ताक सुटू लागताच भांड्याभोवती फडके धरावे, नाहीतर भिंतही नाहून निघते. भरपूर लोण्याचा पाव किंवा उकळत्या पाकाचे बटरक्रीम करणाऱ्याला तर यंत्र हवेच. सुमारे 118 अंशांचा पाक एका हाताने बारीक धारेत ओतताना फेसणारा तिसरा हात माणसाला नसतो. घरून केकच्या किंवा पोळ्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्यांनी स्टँड मिक्सर घ्यावा यात वाद नाही. महिन्यातून एकदा नानकटाई किंवा स्पंज करणाऱ्या घराला एक किलोचा हँड मिक्सर बास होतो, तो खणात मावतो आणि किमतीत कित्येक पटींनी स्वस्त पडतो. फक्त त्याने कणीक मळू नये.

परदेशातून आणलेल्या यंत्राचा विषय वेगळा काढायला हवा, कारण फटका तिथे मोठा बसतो. अमेरिकेतला मिक्सर 120 व्होल्टचा असतो, आपल्याकडे 230 येतात. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. तेवढ्यावर यंत्र लावले तर मोटार जळते. स्टेप-डाऊन ट्रान्स्फॉर्मर घ्यावा लागतो, तोही मिक्सरच्या वॅटपेक्षा बऱ्याच मोठ्या क्षमतेचा. विमानातल्या 23 किलोंच्या बॅगेत निम्मे वजन मिक्सरने खाल्लेले असते, आणि तिकडची वॉरंटी सहसा इकडे चालत नाही.

इथे घेताना खोक्यावरच्या वॅटला भुलू नये. तो आकडा यंत्र किती वीज ओढते ते सांगतो, हुकाला किती जोर मिळतो ते नाही. 300 वॅटचे चांगल्या चक्रांचे यंत्र 1200 वॅटच्या हलक्या यंत्रापेक्षा कणीक नीट मळू शकते. त्याऐवजी माहितीपुस्तिकेत तीन गोष्टी पाहाव्यात: एका वेळी किती पीठ चालते, सलग किती मिनिटे चालवता येते आणि आपल्या गावात दुरुस्ती होते का. पीठ नेहमी पहिल्या-दुसऱ्या वेगावरच मळावे. मोटारीचे डोके तापले तर अर्धा तास थांबावे. बिनमुलाम्याचे अॅल्युमिनियमचे हुक डिशवॉशरमध्ये काळे पडतात, ते हातानेच घासावेत. महिनाभर वापर झाला नसेल तर रिकामे यंत्र दोन मिनिटे फिरवून मग दांडा कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा.