मोटारीतील पट्टा व चालकाची नजर : एक पाठ

(इयत्ता सहावी व सातवीसाठी)

मुंबईच्या पूर्व उपनगरांत चेंबूरजवळ माहुल हे खाडीकाठचे गाव आहे. १९५४-५५ च्या सुमारास तेथे तेलशुद्धीकरणाचे दोन कारखाने उभे राहिले आणि गावच्या रस्त्यावर तेलाच्या टँकरांची वर्दळ सुरू झाली. २०१३-१४ मध्ये पूर्व मुक्त मार्गही या परिसराजवळून खुला झाला. गाव जागच्या जागी राहिले. दाराशी येणाऱ्या वाहनांचा वेग मात्र पालटला. आज आपल्या खेड्यांतही हेच घडत आहे. शिवाय सुटीत मामाकडे मुंबईस गेलेले मूल तेथे मोटारीत बसतेच. म्हणून हा पाठ केवळ शहरातील मुलांचा समजू नये.

प्रयोग. साहित्य : चाकांची लहान खेळगाडी, मातीच्या दोन बाहुल्या, एक फळी, एक वीट व फीत. उतरत्या फळीच्या पायथ्याशी वीट ठेवून गाडी सोडावी. वीट लागताच गाडी थांबते. बाहुली मात्र पुढे फेकली जाते. तिला कोणी ढकलले, असा प्रश्न शिक्षकाने विचारावा. कोणीही नाही! गाडी थांबली तरी बाहुलीची गती थांबली नव्हती. हेच जडत्व होय. नंतर पुढील बाहुली फितीने बांधून दुसरी तिच्या मागे मोकळी ठेवावी. मागची बाहुली पुढच्या बाहुलीवर आदळते. मागे बसणाऱ्यास पट्ट्याची गरज नाही, हा समज येथेच दूर होतो.

माहिती. छाती व कंबर दोन्ही आवळणारा, तीन ठिकाणी अडकविलेला पट्टा १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीतील निल्स बोहलिन या स्वीडिश अभियंत्याने तयार केला. त्या कंपनीने तो इतर कारखानदारांनाही वापरू दिला. पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता कमरेच्या हाडांवर यावा. एक पट्टा एकाच माणसासाठी असतो. त्यात दोन मुले बांधू नयेत. मूल मांडीवर सुरक्षित असते, हाही भ्रम आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर दहा किलोंचे मूल सुमारे शंभर किलोंच्या जोराने पुढे ओढले जाते. कोणत्या मातेचे हात तो भार पेलतील?

४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर पालघर जिल्ह्यातील चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मोटारीचा अपघात झाला. टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री व त्यांच्यासमवेत मागे बसलेले एक गृहस्थ मरण पावले. पुढील दोघे गंभीर जखमी होऊनही वाचले. मागील दोघांनी पट्टा बांधला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी भारी किमतीची होती. परंतु न बांधलेला पट्टा कोणासही तारू शकत नाही. त्यानंतर १ नोव्हेंबर २०२२ पासून मोटारीतील सर्व प्रवाशांस पट्टा सक्तीचा राहील, असे मुंबई पोलिसांनी जाहीर केले. २०१९ च्या सुधारित कायद्यानुसार पट्टा न बांधल्यास एक हजार रुपये दंड आहे.

गणित. ताशी ५४ किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात १५ मीटर जाते. चालकाने तीन सेकंद मोबाईलकडे पाहिले, तर गाडी किती अंतर न पाहता जाईल? उत्तर : ४५ मीटर. हे अंतर मुलांकडून मैदानावर मोजून घ्यावे. कबड्डीचे १३ मीटर लांबीचे मैदान जवळजवळ साडेतीन वेळा ओलांडावे लागेल. एका मुलाने डोळे मिटून, मित्राचा हात धरून, तेवढे चालून पाहावे. पट्टा अपघातातील इजा कमी करतो; परंतु अपघात टाळणे हे चालकाच्या नजरेचे काम आहे, ही गोष्ट मुलांच्या मनावर बिंबेल.

गृहपाठ व सूचना. मोटारीत बसताना आपण काय करू, हे मुलांनी पाच वाक्यांत लिहावे. वडिलांची चूक वर्गात सांगावयास लावून कोणत्याही मुलास लाजवू नये. त्याऐवजी घरी नम्रपणे कसे बोलावे, हे शिकवावे : "बाबा, फोन मी घेतो, आपण थांबल्यावर बोला." आणि शाळेकडे येताना शिक्षकाच्या स्वतःच्या कानाशी मोबाईल असेल, तर हा पाठ फळ्यावरच राहील. मुले ऐकतात त्याहून अधिक पाहतात.