धुराडें केव्हां झाडावें ?

धूर म्हणजे काय, असें कोणीं विचारल्यास "लाकूड जळल्यावर निघतो तो" असें सांगून आपण मोकळे होतों. वस्तुतः धूर म्हणजे न जळलेलें सर्पण होय. पऱ्हाटी तापली कीं तिच्यांतून पेट घेणारे वायु व डांबरासारखी वाफ निघते. पुरेशी उष्णता व हवा मिळाल्यास तीं जळतात; न मिळाल्यास वर जातात आणि थंड जागीं काजळी होऊन चिकटतात. धुराड्यांतील काजळी हा आपण डोक्यावरून वाहून आणलेल्या मोळीचाच वायां गेलेला अंश होय.

आपल्या रावेर तालुक्यांत केळीच्या बागा पुष्कळ. पण केळीचा खांब पाण्यानें भरलेला, तो चुलीच्या कामाचा नाहीं. तेथें पऱ्हाट्या, तुराट्या व गोवऱ्याच हव्यात. २०१६ सालीं सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेमुळें पुष्कळ घरांत गॅस आला, तथापि भाकरीसाठीं व आंघोळीच्या पाण्यासाठीं चूल अजून पेटते. वर्ध्याच्या मगनवाडींत १९४७ च्या सुमारास धुराड्याची "मगन चूल" तयार झाली. पुढें १९८० नंतरच्या दशकांत सरकारनें अशा चुली गांवोगांव बसविल्या. त्यांतील कितीतरी पुढें निकामी झाल्या. धुराडें तुंबणें हें त्याचें एक कारण. चूल बसविणारे आले आणि गेले. ती झाडावी केव्हां, हें सांगण्यास कोणी मागें राहिला नाहीं! तुंबलेलें धुराडें धूर घरांतच परत लोटतें. घरांतील अशा धुरानें २०२० सालीं जगांत सुमारें ३२ लक्ष माणसें दगावलीं, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. चुलीपुढें बसते ती आपली आई, हें येथें लक्षांत घ्यावें.

झाडण्याचा दिवस पंचांगांत पाहावयाचा नसून चुलींत पाहावयाचा असतो. चूल नीट पेटल्यावर तिच्या तोंडाशीं उदबत्ती धरावी. धूर आंत ओढला गेला तर मार्ग मोकळा. बाहेर वळला तर काजळी सांचली असें समजावें. पावसाळ्यांत सर्पण ओलें असतें, म्हणून ही परीक्षा अधिक वेळां करावी.

थंड देशांत घर ऊबदार ठेवण्यासाठीं लांकडाच्या बंद शेगड्या असतात. तेथें गेलेल्या आपल्या मराठी कुटुंबांसहि हाच प्रश्न पडतो, पण निराळ्या रूपानें. त्यांतील कांहीं शेगड्यांत धुराच्या वाटेवर मधाच्या पोळ्यासारखी चिनी मातीची जाळी बसविलेली असते व तिला प्लॅटिनम किंवा पॅलॅडियम या धातूंचा पातळ लेप असतो. हे धातु उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न जळतां दुसऱ्याच्या ज्वलनास साह्य करणारे. धूर एरवीं सुमारें ६०० अंश सेंटिग्रेडला पेटतो. या जाळींत तो सुमारें २६० अंशांनाच पेटतो. मात्र छिद्रें बुजलीं कीं सारें व्यर्थ. जाळी लाल दिसत नाहीं म्हणून ती बिघडली असें नव्हे; कमी आंचेवर ती न तांबडतांहि काम करते. खरी खूण म्हणजे जाळी चालू झाल्यावरहि धुराड्यांतून दाट धूर येत राहणें, किंवा दार उघडतांच तो खोलींत येणें.

मग रंग पाहावा. छिद्रांत करडी-पांढरी राख असेल तर मऊ कुंचल्यानें हलकेच झाडावी. घासल्यास लेप जातो. काळी काजळी असेल तर झाडूंच नये! आग फार मंद ठेवल्याची ती खूण आहे. कोरड्या लांकडाचा प्रखर विस्तव केला कीं ती जळून जाते. प्लॅस्टिक व रंगविलेलें लांकूड या शेगडींत कधींहि घालूं नये, कारण त्यांतील द्रव्यांनीं लेप निकामी होतो व तो झाडून सुधारत नाहीं.

आपली चूल असो वा त्यांची शेगडी, हात लावावयाचा तो पूर्ण थंड झाल्यावरच. राखेखालीं निखारा दुसऱ्या सकाळपर्यंत जिवंत राहतो. धुराडें वरून खालीं झाडावें आणि तळाशीं पडलेली काजळी आठवणीनें काढावी. नाहीं तर तीच तोंडाशीं बसते व सगळे श्रम करूनहि धूर स्वयंपाकघरांतच राहतो.