धामण की सिंगापूर चेरी?

लेकरांनो, झाड फळावरून ओळखायला जाऊ नका. फळ आज आहे, उद्या पाखरांनी नेलेलं असतं. पान मात्र वर्षातला बराच काळ हाताशी असतं. आमच्या वडीलधाऱ्यांनी हेच शिकवलं: आधी पानाचं बूड बघायचं, मग फूल, फळ सगळ्यांत शेवटी.

शाळेच्या कुंपणाला, कॉलनीतल्या अंगणात दिसणारी सिंगापूर चेरीच घ्या. कुणी तिला रानचेरी म्हणतं आणि इथलंच झाड समजतं. ती मूळची उष्ण अमेरिकेतली. काश्मीर-हिमाचलातल्या खऱ्या चेरीशी तिचं काही नातं नाही. त्या चेरीला कडाक्याची थंडी लागते, आपल्या बालाघाट डोंगराच्या उन्हात ती कुठली फळायला!

खरा घोटाळा होतो तो आपल्या धामणीशी. दोन्हींची पानं करवती कडेची, बुडाशी वाकडी, एक बाजू जरा खाली उतरलेली. सालीचा वाखही दोन्हींचा चिवट. म्हणून पान बोटांत धरा. चेरीचं पान लवदार, आणि कोवळं असलं की बोटाला चिकटतं. फांद्या थराथरांनी आडव्या पसरतात. सकाळी लवकर जाऊन फूल बघा: पांढरं, चुरगळल्यासारख्या पाच पाकळ्यांचं, फांदीच्या वर उमललेलं. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात, मग देठ खाली वळतो आणि फळ पानाआड लोंबतं. वर फूल, खाली फळ, ही पक्की खूण. धामणीचं फूल पिवळं. चेरीचं लाल फळ दाबलं की गोड रसात खसखशीएवढ्या असंख्य बिया निघतात. धामणीच्या फळात कठीण आठळी दाताला लागते.

परकी म्हणून चेरीचा राग करू नका. सीताफळही अमेरिकेतूनच आलं, आणि बीडच्या सीताफळाला आज भौगोलिक मानांकन आहे. चेरी हलक्या जमिनीत भराभर वाढते, सावली देते, बुलबुलांना आणि वटवाघळांना पोसते. तेच तिचं बी लांबवर नेऊन टाकतात, हेही ध्यानात ठेवा. शिवाय फांद्या ठिसूळ, वाऱ्याला मोडतात.

फेब्रुवारी 2020 मध्ये बीडजवळच्या पालवणच्या सह्याद्री देवराईत वृक्षसंमेलन भरलं, तेव्हा अध्यक्षपद वडाला दिलं होतं. डोंगरावर मान अशा इथल्याच झाडांना द्यावा. चेरी अंगणात लावा, विजेच्या तारांपासून लांब. माळावर लावायला रोपवाटिकेतून धामण आणाल, तेव्हा पैसे देण्याआधी कोवळं पान बोटांत धरून बघा.